सरळ केलेला सुलू

फिजीहून आलेला नमुना सयाजी मास्तरांनी सरळ करून ठेवला होता.

चंद्रिका लग्नाला म्हणून दोन दिवस होटगीला गेली, तेवढ्यात हे झालं. सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या गाळ्यात सहा मशिनं टाकून ती शाळांचे गणवेश शिवून देते. आजवर मोठ्या कारखानदारांच्या नावावर शिवले. आता कुठे फिजी बेटांवरच्या एका शाळेनं थेट तिच्याकडे आपल्या चाळीस जणांच्या बँडपथकाचे कपडे मागितले होते. नमुना म्हणून आला होता एक सुलू. सुलू म्हणजे तिकडच्या पुरुषांनी कमरेला गुंडाळायचा पांढरा घागराच म्हणा ना, आणि याच्या खालच्या कडेला चांगली लांबूनही दिसतील अशी त्रिकोणी टोकं. गाळ्यात कापड कापणाऱ्या सयाजी मास्तरांना वाटलं, बिचाऱ्यांचा कटिंगवाला नवशिका दिसतोय, कड फाटकीच सोडलीय. पोरीची पहिली परदेशी ऑर्डर, नमुना कसा नीटनेटका दिसला पाहिजे. त्यांनी सोळाच्या सोळा टोकं उडवली, कड दुमडून टीप मारली आणि वर कडक इस्त्रीही केली.

चंद्रिका परतली ती सकाळी आठला थेट गाळ्यावर आली. सुलू बघून तिनं पार्सलमधली इंग्रजी चिठ्ठी काढून मास्तरांच्या हातात ठेवली. शाळेचा बँडमास्तर इलिएसा पूर्वी पोलीस बँडात होता आणि वीस वर्षं हाच सुलू नेसत होता. चिठ्ठीत त्यानं तसं लिहिलं होतं. ही टोकं म्हणजे आमचा मान, नीट बघून तशीच करा आणि सुलू मला परत पाठवा, असंही लिहिलं होतं. अकरा वाजता त्याचा व्हिडिओ कॉल यायचा होता. ऑर्डर हातची गेली हे तिला कळून चुकलं.

मास्तर चिठ्ठी हातात घेऊन उभे होते. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण पोरीचा चेहरा वाचता येत होता.

"फाटकं वाटलं गं मला," ते म्हणाले.

काजं-बटणं करणारी नागम्मा तोवर चिंध्यांच्या पोत्यात हात घालून बसली होती. एक त्रिकोण शोधून काढून तिनं तो आपल्या इरकली पदरावर ठेवला. पदरावरही तसलीच पांढरी टोकं विणलेली होती, त्यांना ती टोप म्हणायची.

"फाटकं कसलं, मास्तर? ह्ये टोप हायत की. माज्या पदराचे कापले असते तर तुमची कात्रीच हिरीत टाकली असती मी."

एवढं बोलून तिनं टीप उसवायला घेतली. मास्तर जमिनीवर बसले आणि पोत्यातून काढलेलं एकेक टोक जागेवर जुळवून टाचण्या लावू लागले. नागम्मा मागोमाग बारीक टाके घालत गेली. अकराला पाच मिनिटं कमी असताना सोळावं टोक बसलं. जोड मात्र दिसत होता. दिसणारच. फोन जरा लांब धरू, त्याला कळायचं नाही, असं चंद्रिकानं हळूच सुचवून पाहिलं. मास्तर ऐकेनात. कापलंय त्यांनी, तर सांगणारही तेच.

इलिएसाला थोडं हिंदी येत होतं. लहानपणी शेजारच्या भारतीय ऊसवाल्यांच्या मुलांत खेळून शिकला होता. मास्तरांनी सोलापुरी हिंदीत सरळ सांगून टाकलं.

"मैंने काटा. अच्छा दिखने के वास्ते काटा."

इलिएसा पडद्याजवळ सरकला. मग त्यानं कड जवळ दाखवायला सांगितली. नागम्मानं एकेक टोक उचलून फोनसमोर धरलं. त्यानं सोळाही पाहिली. कुणी जोडली म्हणून विचारलं, तर तिनं आधी स्वतःकडे आणि मग मास्तरांकडे बोट केलं. आता नकारच येणार, असं चंद्रिकाला वाटलं. पण तो म्हणाला, कुणीतरी नेसून दाखवा, टोकं कशी पडतात ते त्याशिवाय समजत नाही.

गाळ्यात पुरुषमाणूस एकच. गेले दोन दिवस या घागऱ्यावरून सगळ्यांना हसवणाऱ्या मास्तरांनी मुकाट्यानं तो पँटीवरून गुंडाळला. मशिनं थांबली. बायकांनी तोंडाला पदर लावले. मास्तर इस्त्रीच्या टेबलापर्यंत गेले आणि जमिनीकडे बघत परत आले.

"थांबा, मास्तर," इलिएसा आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला. "हे नेसून मान खाली घालायची नसते. तुमचे चाळीस सुलू आले की पोरांना मी पहिलं हेच सांगणार आहे. पुन्हा चाला."