टेपखालची बोटं

शिंप्याने बायकोच्या मांडीभोवती टेप गुंडाळली आणि सवयीने खाली एक बोट ठेवलं. कपड्याला तेवढी ढिलाई लागतेच. मग त्याने हळूच दुसरंही बोट आत सरकवलं.

"किती?" तिने उशीवरून विचारलं.

"अर्धा इंच वाढलीय."

"उगाच काहीतरी!"

"अगं, शिंप्याचं माप आहे. खोटं कशाला सांगू?"

शाळा उघडायच्या आधी गणवेशांचा ढीग पडायचा, तेव्हा हाच पाय शिलाई मशीनचं पायडल दिवसदिवस हाणायचा. कापून कापून तो दमायचा, शिवून ती दमायची नाही. तरुणपणी एकदा हा पाय मोडला होता. प्लास्टर निघालं आणि पंधरवड्यात बाई पुन्हा मशीनवर! मांडी पहिल्यासारखी भरून आली होती.

आता म्हातारपणी तोच पाय पुन्हा मोडला. या खेपेला प्लास्टर निघून कित्येक महिने झाले होते. मांडी रिकाम्या बाहीसारखी लोंबत होती.

डॉक्टरीणबाईंनी त्याला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं, "स्नायूंत काही पेशी झोपलेल्या असतात, काका. इजा झाली की जाग्या होतात, नवा स्नायू घडवतात. म्हातारपणी त्या सहसा उठत नाहीत. व्यायाम सोडू नका, पण काकू पुन्हा चालतील या आशेवरही राहू नका."

आत येऊन तो बायकोला म्हणाला होता, "वेळ लागेल म्हणाल्या." त्या दिवसापासून टेपखाली दुसरं बोट जाऊ लागलं.

"चला, खिडकीशी बसवा मला," ती म्हणाली.

त्याने तिला उचललं. खुर्ची हातभर अंतरावर असताना त्याचे हात लटपटले आणि दोघंही पलंगाच्या कडेवर धपकन बसले.

"अगंबाई! एवढी जड झाले?"

"मग! मांस चढतंय ना अंगावर."

तो तोंड फिरवून दंड चोळू लागला. तिला इथून तिथे हलवणारं दुसरं कुणी घरात नव्हतं.

"अहो, इकडे या. टेप द्या ती. आज तुमचंही माप घेते."

"माझं कशाला?"

"हात वर करा म्हटलं ना!"

तिने त्याच्या सदऱ्याची बाही वर सारली, दंडाभोवती टेप गुंडाळली. टेपखाली त्याला तिचं बोट लागलं. मग दुसरं. आकड्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिने तिसरं बोट आत सरकवलं.

"वाढलाय हो," ती म्हणाली.