पासष्ट टक्के

"सतरा." धाकट्या डॉक्टरांनी खोलीतल्या तक्त्यावर बोट ठेवलं. "अशा शंभरातले सतरा वाचतात."

समोर मास्तरांची मुलगी उभी होती. वडील शिडीवरून पडले, फासळ्या मोडल्या, श्वासाच्या यंत्रावर आले आणि सहाव्या दिवशी त्या यंत्राच्याच वाटेने न्यूमोनिया आत शिरला, एवढं तिला कळत होतं. सतरा कळायला वेळ लागला.

"थोडं वरखाली होत असेल ना? वीस-बावीस?"

"नाही हो. ताप, ऑक्सिजन, रक्तदाब, वय, सगळं धरून सहाच खाने आहेत. आठ, सतरा, एकतीस, बावन्न, चौऱ्याहत्तर, नव्वद. मधलं काही नाही." तक्ता जुना होता, पिवळा पडलेला, खालची कड फाटलेली. "पण सहसा चुकत नाही."

मुलगी तडक अतिदक्षता विभागात आली. मोठ्या सिस्टर मास्तरांचं तोंड साफ करत होत्या. दर चार तासांनी करायच्या, आणि तेही गप्पा मारत, जणू नातवाला आंघोळ घालतायत. डॉक्टरांच्या तक्त्याच्या वाटेला त्या कधी गेल्या नव्हत्या. त्यांना माणसाचा चेहरा पुरायचा.

"सिस्टर, बाबांना आकडा कळू देऊ नका. जन्मभर गणित शिकवलंय. उत्तर आलं की पाटी पुसून मोकळे होतात."

सिस्टर पेचात पडल्या. खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा रोजचा नेम. मोडला तर त्या दिवशी चहा बंद. आणि चहावर त्यांचा भारी जीव.

"बघते हं," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर चांगले जागे झाले. घशात नळी, त्यामुळे बोलणं नाही. सिस्टरांनी हातात पाटी दिली. वाकड्यातिकड्या अक्षरांत मास्तरांनी लिहिलं, "किती?"

"साडेनऊ झालेत."

मास्तरांनी मान हलवली आणि शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

सिस्टरांनी मनातल्या मनात देवाची माफी मागितली. "पासष्ट टक्के."

मास्तरांचे डोळे विस्फारले. मग खांदे गदगदा हलायला लागले, यंत्र केकाटलं, धाकटे डॉक्टर धावत आले. छातीतला कफ एवढा सुटला की ओढता ओढता सिस्टरांचा हात भरून आला.

"काय सांगितलंत त्यांना?"

"धीर दिला हो," सिस्टर म्हणाल्या. हे मात्र खरं होतं.

मग रोजचंच झालं. सकाळी पाटीवर "किती?" आणि सिस्टरांचं उत्तर. अडुसष्ट. सत्तर. एकदा घाईत त्या "साडेसत्त्याहत्तर" म्हणून गेल्या, तेव्हा तर मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. यंत्र पुन्हा केकाटलं, पुन्हा कफ सुटला.

डॉक्टरांच्या खोलीतला आकडा मात्र सतरावरून हलेना. एके दिवशी तो आठवर गेला. त्या दिवशी मुलगी बाहेरच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसली, आणि आत सिस्टरांनी न अडखळता सांगितलं, "ब्याऐंशी."

मास्तरांनी पाटीवर लिहिलं, "वा!"

पाटी हातात आल्यापासून दहाव्या दिवशी ताप उतरला. बाराव्या दिवशी नळी निघाली. धाकटे डॉक्टर तक्त्यासमोर डोकं खाजवत उभे राहिले. "शंभरातल्या त्या आठांतले एक म्हणायचे, दुसरं काय!"

मास्तरांना चाकाच्या खुर्चीत बसवून साध्या वॉर्डात न्यायची तयारी झाली. मुलगी चादरीची घडी घालत होती. सिस्टर जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मास्तर, एक कबूल करायचंय. टक्के मी मनाचेच सांगत होते. बारा दिवस चहाचा घोट नाही घेतला."

"पहिल्याच दिवशी कळलं मला." मास्तरांचा आवाज अजून घोगरा होता. "पासष्ट! अहो, पासष्ट त्यात येतच नाही. सहाच खाने आहेत."

"पण तक्ता तर डॉक्टरांच्या खोलीत असतो. तुम्ही कधी पाहिलात?"

"पाहायचा कशाला, सिस्टर? इथल्याच जुन्या नोंदींवरून तो मांडायला मला सहा वर्षं लागली होती."