आई बरोबर सांगतात

“मला बाहेर बसायला सांगतायत,” जयंत म्हणाला. “नवऱ्यासमोर बायका मोकळं बोलत नाहीत म्हणे.” बाळाला खांद्यावर टाकून तो जिना उतरला आणि खालच्या औषधांच्या दुकानात जाऊन बसला.

वर तिघं उरली. डॉक्टर, सुहासिनी, आणि दोघांच्या मध्ये सासूबाई.

लोडशेडिंग. खिडकी अर्धी बंद, टेबलावर मेणबत्ती. सासूबाईंच्या हातात ताडाचा पंखा.

डॉक्टरांचं हिंदी रिक्षावाल्यापुरतं, सुहासिनीचं भाजीवाल्यापुरतं. त्यात हे सांगता येईना. सासूबाईंचा सगळा संसार कलकत्त्यात झालेला. म्हणून बंगालीतून सांगायला त्या. एरवी वेड्यांच्या डॉक्टरांची पायरी त्या चढल्या नसत्या. टॉनिक झालं होतं, कालीघाटचा धागा झाला होता. हे डॉक्टर जयंतनं बँकेत कुणाला तरी हळूच विचारून शोधले होते.

डॉक्टर: ———————— ?

“झोप येते का, विचारतायत.”

“नाही येत. बाळ झोपलं तरी मी जागीच. घासून पालथं घातलेल्या भांड्यासारखं वाटतं, आई. आत काही नाही आणि कुणी काही घालूही शकणार नाही, असं.”

सासूबाई: —— ना।

डॉक्टरांनी लिहून घेतलं.

“एवढंच?” सुहासिनीनं विचारलं. “मी किती बोलले.”

“बंगाली भाषा आटोपशीर आहे.”

“समोरचे बॅनर्जी तर पेपर वाचून झाला की तासभर बोलतात.”

“ते राजकारण. हे वेगळं.” पंखा हलत राहिला. “भूक लागते का, विचारतायत.”

“तुम्ही वाढता म्हणून जेवते.”

—— हं।

डॉक्टरांनी पेन्सिल ठेवली. ते सासूबाईंकडे बघेनासे झाले, सुहासिनीकडेच बघू लागले. “बोलो,” ते म्हणाले. एवढं हिंदी दोघांनाही पुरलं.

सुहासिनी मेणबत्तीकडे बघून बोलली.

“आंघोळ घालताना. घंगाळात धरलेलं असतं, मानेखाली माझा हात असतो. मला वाटतं, हात काढून घ्यावा. राग नसतो. रडू पण नसतं. नुसतं वाटतं, हात काढून घ्यावा आणि आत जाऊन पडावं. म्हणून तुम्हाला म्हणते, आंघोळ तुम्ही घाला. तुम्ही म्हणता, आळशी आहे.”

पंखा थांबला.

“की बोलछेन?” डॉक्टरांनी विचारलं.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. सासूबाईंनी पंखा टेबलावर ठेवला, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला, आणि त्या बोलू लागल्या.

———————— खिदिरपूर ————————
————————————————————
—— जयंत ————————————
———————————— घाट ————

सुहासिनीच्या वाक्यात खिदिरपूर नव्हतं. तिथल्या गोदीच्या क्वार्टर्समध्ये सासूबाई नवी नवरी म्हणून आल्या होत्या, जयंत तिथंच झाला, एवढं तिला ठाऊक होतं. तो पुरता रांगायलाही लागला नव्हता तेव्हा त्यांनी ती जागा सोडली. का सोडली, ते कुणी कधी बोललं नव्हतं.

“तारपोर?” डॉक्टरांनी हळूच पुढचं विचारलं.

—— जयंत ——
—— जल ————————
———————————————————— जयंत

डॉक्टरांनी काही लिहिलं नाही. एक छोटा प्रश्न विचारला. सासूबाईंनी मान हलवली. मग उजवा हात उचलून मेणबत्तीपुढे धरला, स्वतःच त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, आणि तो परत मांडीवर ठेवून दिला.

खाली रस्त्यावरून ट्राम गेली. टेबल थरथरलं, मेणबत्ती थरथरली.

“काय सांगितलंत?” सुहासिनीनं विचारलं.

“तू म्हणालीस तेच.”

“एवढं?”

“हो.”

डॉक्टरांनी झाकलेला पाण्याचा पेला पुढे सरकवला. सुहासिनीपुढे नाही. मग चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या, चिठ्ठी सुहासिनीच्या हातात दिली आणि शब्द जुळवत म्हणाले, “अगले बुधवार. दोनों आना.”

सासूबाई आधी उठल्या. पंखा टेबलावरच राहिला होता, तो सुहासिनीनं घेतला.

खाली जयंत बाळाला थोपटत उभा होता.

“काय म्हणाले?”

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. कपाळापासून चपलांपर्यंत.

“गोळ्या दिल्यात,” सुहासिनी म्हणाली. “बुधवारी परत बोलावलंय. आम्हा दोघींना.”

“आईला कशाला पुन्हा? जिना चढवत नाही तिला. मी रजा काढतो. बंगाली मलाही येतं की. मी सांगेन त्यांना.”

“नको.”

“का?”

“आई बरोबर सांगतात.”

जयंतनं खांदे उडवले, गोळ्या घेतल्या. चौघं बाहेर आली.

ट्रामचे रूळ ओलांडताना सासूबाईंनी जयंतचं मनगट धरलं. पलीकडे फुटपाथ लागला तरी सोडलं नाही. “आई, गाडी गेली,” तो हसून म्हणाला. त्यांनी सोडलं नाही. त्याच्या दुसऱ्या हातावर बाळ होतं, झोपलेलं.

सुहासिनी मागून चालली. हातात नुसता पंखा.