कंदिलाला निरोप

"घोंगडं तेवढं घोड्यासाठी ठेवा, वयनी. बाकी सगळं न्या," पागेतला धनाजी म्हणाला.

मनुबाईनं मान वर केली नाही. लोणंदजवळच्या या घोड्यांच्या फार्मवर ती आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. नवरा आकाराम जाऊन दीड महिना झाला होता. त्याची पेटी घेऊन जा, असा मालकांचा निरोप आला, म्हणून ती पहाटे आटपाडीहून निघाली होती. पेटीत दोन सदरे, एक विजार, दाढीचं सामान आणि घोड्याची लगाम धरून उभ्या असलेल्या आकारामचा एक फोटो. पेटीवर घडी घातलेलं काळं घोंगडं.

"माजं हाय त्ये," ती म्हणाली. "ह्याची लोकर मी कातलीया."

"म्हाईत हाय. आकारामदा सांगायचा."

तिनं घोंगडं उचलून काखेत धरलं. घरी त्याचे कपडे रितीप्रमाणं वाटून झाले होते. अंथरूण धुऊन झालं होतं. त्याच्या अंगाचा वास असलेली एवढी एकच वस्तू जगात उरली होती, आणि तीही हा माणूस घोड्यासाठी मागत होता.

घोड्याचं कागदावरचं नाव कॉपर लँटर्न. त्याचा अर्थ तांब्याचा कंदील असं कुणीतरी सांगितलं, तसा आकारामनं त्याचा कंदील केला. दोन वर्षांचं शिंगरू असताना तो आकारामच्या हाती आला आणि आकाराम त्याचा मोतद्दार, म्हणजे त्याला सांभाळणारा, झाला. मनुबाईनं कंदिलाला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याची सगळी कारकीर्द तिला पाठ होती. कंदिलानं पुण्यात पहिली शर्यत मारली, तेव्हा लेकीचं, उत्कर्षाचं, बारसं बापाशिवाय झालं. मुंबईची डर्बी मारली, त्या आठवड्यात सासरा गेला. आकाराम पोचला तो सावडायच्या दिवशी. तेरा शर्यती पळून दहा मारलेल्या त्या घोड्याची बंगळूरला पायाची नस तुटली, तेव्हा तिला वाटलं, सुटलो, आता माणूस घरी येईल. पण घोडा पैदाशीसाठी इथं आला आणि त्याच्यामागं आकारामही आला. आणखी आठ वर्षं गेली. ती कधी बोललीच, तर तो म्हणायचा, "दुसऱ्याच्या हातात कसं देऊ गं त्याला?" सवत असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

"दाणा अर्धा टाकतंय," धनाजी सांगत होता. आकारामच्या मागं कंदील आता त्याच्याकडं होता. "डॉक्टर बगून गेला. अंगात काय न्हाई म्हणला. सांजचं घोंगडं दारावर टाकलं की मग चार घास खातंय."

"आन मी काय करू त्याला?"

धनाजीनं पेटी उचलली. फाटकाकडं जायची वाट पागेसमोरूनच होती. बघायचं नाही असं ठरवून मनुबाई खाली मान घालून चालू लागली.

तिसऱ्या खणाच्या अर्ध्या दारावरून एक भलंमोठं तांबडं डोकं बाहेर आलं. नाकपुड्या फुलल्या. घशातून हलका, घुमल्यासारखा आवाज निघाला. मनुबाई थांबली. घोडा तिच्याकडं बघतच नव्हता. तिच्या काखेतल्या घोंगड्याकडं बघत होता, आणि मग तिच्या मागं, रिकाम्या वाटेवर. जन्म मेंढरांत गेलेली बाई ती. मेलेल्या कोकराच्या जागेवर पुन्हा पुन्हा येऊन उभी राहणारी मेंढी तिनं किती वेळा पाहिली होती.

"घराकडं निगताना त्ये ह्याच्यासंगं काय बोललं हुतं का?" तिनं विचारलं.

"बोलला की. अंगात ताप हुता, तरी येऊन गेला. चार दिसांत येतो म्हणला."

"मग? ह्याला सांगितलं का कुणी?"

"काय?"

"त्ये न्हाईत म्हणून."

धनाजीनं पेटी खाली ठेवली. "जनावराला कसं सांगायचं, वयनी?"

मनुबाई खणाजवळ गेली. मग तिनं घोंगड्याची घडी मोडली आणि ते अर्ध्या दारावर पसरलं. घोड्यानं त्यात तोंड खुपसलं आणि डोळे मिटले. त्याच्या श्वासानं लोकर वरखाली होत राहिली.

"पेटी गाडीत ठेवा," ती म्हणाली. "ह्ये ऱ्हाऊ द्या इथंच."

धनाजी लांब जाईपर्यंत ती थांबली. मग घोड्याच्या कपाळावर तिनं हात ठेवला. आधी बिचकत, नंतर घट्ट.

"त्ये आता यायचं न्हाईत," ती हळूच म्हणाली. "ताप डोक्यात गेला. तीन दिस हातरुणात हुतं. सारखं तुजंच नाव घ्यायचं."

घोड्यानं कान तिच्याकडं वळवला.

"शेवटाला एकदा माजं घेतलं."