पाचव्या जगातली ताई

"पुन्हा मेले का मी?" पान उजेडाकडे धरत ताईने विचारलं.

शेजारच्या टेबलावर भावाने मान वर केली नाही. उल्कावीराची चित्रकथा तो काढायचा आणि रंग ताई भरायची, हे पहिल्या अंकापासूनचं. उल्कावीराला एक थोरली बहीण होती. तिचा चेहरा भावाने ताईवरूनच उचलला होता. तीच जाड भिवई, हनुवटीवरचा तोच तीळ. तेव्हा ताईला त्याचं कोण कौतुक!

"तू नाही गं. उल्कावीराची बहीण मेलीये," भाऊ पुटपुटला. "तीसुद्धा इथली नाही. पाचव्या जगातली."

संपादक दारात उभे होते. छापखान्याचा माणूस पानासाठी खाली गाडी घेऊन थांबला होता. नायक तोच ठेवायचा आणि जग बदलायचं, ही कल्पना संपादकांची. ती समजावून सांगण्याची हौसही त्यांनाच.

"पहिल्या जगात तो उडतो, लाल डगला घालतो. दुसऱ्यात अंगभर पोलाद. तिसऱ्यात राजा, तोही जुलमी. चौथ्यात समुद्राच्या तळाशी राहतो. आणि आता पाचव्यात म्हातारा, दाढीवाला, एका डोळ्याने अधू. वाचकाला फरक हवा असतो, ताई. फरक!"

"कुठाय फरक?" ताईने पान टेबलावर आपटलं. पाण्याची वाटी हिंदकळली. "दुसऱ्या जगात मी जळाले. तिसऱ्यात ह्याच्याच शिपायांनी मला भाल्याने भोसकलं. चौथ्यात बुडाले. समुद्रात राहणाऱ्याची बहीण बुडून मेली! अहो, जनाची नाही, मनाची तरी ठेवा. आणि आता अंगावर छप्पर. डगला बदलला, दाढी आली, डोळा गेला. ताई तेवढी न चुकता मरते."

"त्याशिवाय तो पेटत नाही हो," संपादक समजुतीने म्हणाले. "बहीण जाते, मग त्याचा संताप, मग..."

"पेटवायला मी काय सरपण आहे?"

भावाला हसू फुटत होतं. ताईची नजर वळली तशी त्याने ते गिळलं.

"आणि तू रे, बाळ्या?" भावाच्या कानशिलावरचे केस पिकले होते, पण तिच्या लेखी तो बाळ्याच. "तो लाल डगला शिवला कोणी? उडून उडून फाटला की ठिगळ कोण लावतं? 'फार उंच जाऊ नकोस, कान दुखतील,' कोण म्हणतं? सगळं आपल्या घरातनं उचललंस, मी एका शब्दाने बोलले नाही. आता जगं वाढली आणि माझी वाचा गेली. पुढच्या चार जगांत मिळून मला एकच वाक्य. 'माझी काळजी करू नकोस.' मी असं म्हटलंय कधी? मला नुसती ठेच लागली तरी अख्खी गल्ली गोळा होते!"

"ताई, अगं, कथेतलं आहे ते."

"मग चेहराही कथेतलाच काढायचा होतास. घरातला कशाला नेलास?"

भाऊ पेन्सिलीला टोक करत बसला. टोक आधीच होतं.

संपादकांनी घड्याळ पाहिलं. "रंग भरताय, की पान दुसऱ्या कोणाला देऊ? मग पुढचे अंकही त्याच्याकडेच जातील, हे आत्ताच सांगून ठेवतो."

ताईने पान पुन्हा पुढ्यात ओढलं. "माणसाला न्यायला देव समर्थ आहे," ती म्हणाली. "तुम्हालाच कसली घाई झालीये, कळत नाही." आणि तिने कुंचला उचलला.

कातडीचे रंग ती स्वतः कालवायची. फळीवर तीन बाटल्या होत्या, प्रत्येकीवर तिच्याच अक्षरात चिठ्ठी. जिते. आजारी. गेलेले. तिसऱ्या बाटलीत निळसर राखाडी मिसळलेली असे. आधीच्या चारही जगांत जो जो मेला, तो त्या बाटलीतून गेला होता.

चित्रात विटामातीचा ढिगारा होता. त्यात उल्कावीर गुडघे टेकून बसला होता, मांडीवर बहिणीचं डोकं, तोंड वासून हंबरडा, एक मूठ थेट आभाळाकडे. ताईने धूळ भरली. दाढी पांढरी ठेवली. मग तिने पहिली बाटली उघडली आणि बहिणीचा चेहरा, गळा, लोंबणारा हात सावकाश रंगवला. गालावर थोडी लाली दिली.

संपादक वाकले. "हे काय? ही तर जिवंत दिसतेय."

"आहेच."

"अहो, तो तिच्यासाठी रडतोय!"

"रडू दे की. नाडी कुठे बघितली त्याने?" ताईने कुंचला धुतला. "फरक हवा होता ना तुम्हाला? घ्या. पाचव्या जगातल्या उल्कावीराने मूठ उगारायच्या आधी बहिणीची नाडीच बघितली नाही."

"पुढचे सगळे अंक सुडाचे लिहून तयार आहेत!" संपादकांचा आवाज चढला. ते भावाकडे वळले. "तुम्ही सांगा ह्यांना. नाहीतर पान घेऊन मी निघालो."

खालून हॉर्न वाजला.

भाऊ उठून ताईच्या टेबलापाशी आला. त्या रंगवलेल्या चेहऱ्यावर वाकला. मग त्याने तिच्याच हातातला कुंचला घेतला, पांढऱ्या रंगात बुडवला आणि आभाळाकडे गेलेली मूठ पुसून टाकली. रंग वाळेपर्यंत तो फुंकर घालत उभा होता. पेन्सिलीने त्याने हात पुन्हा काढला, खाली आणलेला. बहिणीच्या मनगटावर दोन बोटं टेकवली.

ताई खांद्यावरून बघत होती.

"तोंड मिटव त्याचं," ती म्हणाली. "ओरडत राहिला तर ठोके कळायचे नाहीत."