वाढलेला वेग

बोगद्याच्या भिंतीवर घणाचा ठोका पडला आणि पुढच्या खडकातून हादऱ्याची लहर किती वेगाने गेली, ते यंत्राने दाखवले. उन्हाळ्यातल्यापेक्षा वेग बराच वाढला होता.

“म्हणजे खडक सुधारला की साहेब!” मुकादम भिकाजी हसला. “लहर मंद आहे म्हणून चार महिने घरी बसवलंत आम्हाला. आता तरी करा खोदाईच्या परवान्यावर सही.”

खडक तपासणाऱ्या भूवैज्ञानिक नेर्लेकरांना नेहमीप्रमाणे स्वतःचीच शंका आली, पण पुन्हा भित्रे ठरायची लाज वाटली. त्यांनी सही केली. सहा जण ड्रिल घेऊन आत गेले.

बाहेर चहाचा पहिला घोट घेताच ते थबकले. खडक कधी सुधारतो का? कोरड्या भेगांत लहर रेंगाळते. त्याच भेगा पाण्याने भरल्या की झपाट्याने धावते. पावसाळ्यात भेगा तुडुंब भरल्या होत्या.

ते धावत बोगद्याच्या तोंडाशी पोचले, तेव्हा गढूळ पाण्याचा लोंढा बाहेर येत होता. भिकाजी एकेकाचे नाव घेऊन आत हाका मारत होता. नेर्लेकरांनीही हाक मारायला तोंड उघडले. त्यांना एकाचेही नाव ठाऊक नव्हते.