बोल्टावरचा लाल रंग

मधुसूदनने पान्यावर सगळा भार टाकला, तेव्हा कुठे जुन्या गाडीच्या सायलेन्सरच्या पाइपचा पहिला बोल्ट इंजिनातून सुटला. नलिनीने तो फडक्याने पुसला आणि चष्मा वर करून निरखला. आट्यांवर वाळलेला लाल थर होता.

"अहो, हे काय लावलंय?"

"हे बोल्ट आत पाण्यापर्यंत जातात. आट्यांना काही लावलं नाही, तर इंजिनातलं पाणी गळतं. तेव्हा गावात पेस्ट मिळत नव्हती, म्हणून..." तो एकदम दुसऱ्या बोल्टात गर्क झाला.

नलिनीने थर नखाने खरवडला. तिच्या रुखवतातलं नेलपॉलिश! ती बाटली नणंदेनेच लांबवली म्हणून केवढं भांडण झालं होतं. तेव्हापासून भाऊबीजेला मधुसूदन शरयूकडे एकटाच जायचा.

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तुमच्या दोघींच्या मध्ये कोण पडणार?"

नलिनीने तेलकट हातानेच फोन लावला. "वन्सं, चुकलं माझं. तुमच्यावर उगीच आळ घेतला. बाटली यांनीच ढापली होती."

पलीकडून खळखळून हसू आलं. "अहो वहिनी, दादाला तुमचं कपाट तरी धड उघडता येत होतं का? बाटली मीच काढून दिली त्याला. बरं, गाडी कधी गळली नाही ना?"

"थेंबभरसुद्धा नाही," नलिनीला कबूल करावंच लागलं. "या भाऊबीजेला मीपण येतेय. माझी नवी बाटली तयार ठेवा."